सोडलेल्यांची बैठक

तातू घाडी कुजबुजला की परळच्या जनावरांच्या इस्पितळातले घोडे कान टवकारत. मी वाढवून सांगतोय असं ज्याला वाटेल त्याने तातूला ऐकलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. उभी हयात त्याने मिलच्या साचेखात्यात काढली. साचे म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो माग धडधडत असले की शेजारी मेला तरी कळत नाही. तिथले लोक ओठ वाचतात आणि हातवारे करतात. भोंगा झाल्यावर बाकीचे हळूहळू माणसांत येत. तातू कधी आलाच नाही. लालबागला तो ‘मीठ दे रे’ म्हणाला की भायखळ्याची एखादी बाई हात पुसत उठायची.

आणि अशा माणसाच्या नशिबी एक गोष्ट गुपचूप विचारत हिंडणं आलं होतं.

आमच्या चाळीत माझ्या खोलीला लागून त्याच्या गावकऱ्यांचा गाळा होता. बायकापोरं कोकणात आणि एका गावचे सगळे बापये मुंबईत एका खोलीत, असा तो कारभार. माणसं किती, हे खुद्द गाळ्यातल्यांनाही ठाऊक नव्हतं. एक पाळीला गेला की दुसरा त्याच्या उबेत निजायचा. त्या गाळ्यातली वळकटी थंड झाल्याचं कोणी पाहिलं नाही. सामान भिंतीवर, ट्रंकांत. मधली फळ्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडे कोणी कूस बदलली की माझं कॅलेंडर उलटायचं. त्यामुळे तातूची कहाणी मला ऐकावी लागली, असं म्हणणं बरोबर नाही. मी तिच्यात राहत होतो.

तातूला गावी मान होता. घाडी म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा. सगळा गाव पाठीशी उभा राहतो, घाडी देवासमोर गावाची दुखणीखुपणी एकेक करून मांडतो, आणि दर वाक्याला गाव एका तोंडाने म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ तातूच्या बापाने हे केलं, आज्याने केलं. तातूचा तर गळा असा, की देव बहिरा असता तरी चाललं असतं. मुंबईत गाळ्याच्या सत्यनारायणाला तो ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून उभा राहिला की वरच्या मजल्यावर जेवणारे घास खाली ठेवून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आणि मग घास उचलत.

हा माणूस प्यायचा. सरकारने दारूबंदी केली होती आणि त्या वर्षांत लालबागला पाणी तेवढं ठरल्या वेळी येई. दारूला वेळेचं बंधन नव्हतं. कोळशाच्या वखारीमागे हातभट्टीचा अड्डा होता. तिथे तातू पगाराच्या दिवशी जायचा, मग रविवारी, मग रोज. पिऊन तो दंगा करत नसे. उलट तेवढाच त्याचा आवाज खाली यायचा. गाळा म्हणायचा, ‘तातूनू गप आसत म्हणजे घेवन इलेत.’

एका वर्षी जत्रेला तो गावी गेला तो तसाच. देवासमोर उभा राहिला, सगळा गाव मागे हात जोडून, आणि तोंड उघडल्यावर त्याला काही आठवेना. देवांची नावं, ठिकाणांची नावं, गावच्या वाड्या, काही नाही. गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला श्वास घेऊन उभा, आणि घाडी गप. पुतण्याने पुढे होऊन गाऱ्हाणं पुरं केलं. तातू दुसऱ्या दिवशीची बोट धरून परत आला आणि त्याने दारू सोडली.

सोडल्यावर त्याचे खरे हाल सुरू झाले. गाळ्यातल्यांनी त्याला वाळीत टाकलं असतं तरी परवडलं असतं. त्यांनी त्याला मान द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी अड्ड्याकडे निघताना ते त्याच्यासमोर आवाज खाली आणत, ‘तुमी पडा जरा, तातूनू’ म्हणत आणि चपला हातात घेऊन जिना उतरत. घरात कोणी आजारी असलं की उतरावा तसा. मागे तातू आणि ट्रंका. फळ्यांपलीकडून मला त्याचं काहीच ऐकू यायचं नाही, आणि त्या माणसाचं काही ऐकू न येणं म्हणजे काय, हे तुम्हांला आता कळेल.

असाच एकदा तो माझ्या दारात उभा राहिला. इकडेतिकडे बघून कुजबुजला. खालच्या मजल्यावरची दोन पोरं रडायची थांबली.

“दामू, दारू सोडलेली माणसां खंय बसतत?”

“म्हणजे?”

“पिणाऱ्यांका बसाक जागा आसा. वखारीमागे आसा, पुलाखाली आसा. सोडलेल्यांका खंय? मुंबय येवढी मोठी. मी येकट्यानच सोडलेली असात असा जावचा नाय.”

मी विमा कंपनीत कारकून. मला इंग्रजी पाट्या वाचता येत, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं हा चाळीचा समज मी जिवापाड जपला होता. म्हणालो, “चौकशी करू.”

“हळू कर हां,” तातू म्हणाला. “सोडलंय म्हटला तर पोलीस विचारतले, पीत होतंस खंय?”

हे तो जिन्यावरून म्हणाला. नाक्यावरच्या हवालदाराने वर पाहिलं.

चौकशीत पहिलं सापडलं ते गिरगावातलं एक व्यसनमुक्तीचं प्रचार मंडळ. ट्रामने गेलो. सभागृह भरलेलं, माणसं सज्जन, धोतरं इस्त्रीची. तातूने दारातूनच सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्या कानात म्हणाला, “यातलो कोण पिल्लेलो दिसणा नाय रे.” सभा थांबली. व्यासपीठावरचे अध्यक्ष उठले, दोन्ही हात पसरून आले आणि विचारलं, “आपण?” तातू म्हणाला, “मी पिल्लेलो.” पुढचं काय सांगू! त्या मंडळाने कित्येक वर्षं दारू सोडा म्हणून भाषणं केली होती आणि सोडलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होता. त्याला वर नेलं, हार घातला, नारळ दिला.

त्यानंतर तातू गाजला. गिरगाव, दादर, परळ, जिथे भाषण तिथे तातू. वक्ता यकृताचं चित्र दाखवायचा आणि मग तातू दाखवायचा. लोकांनी त्याला जीव लावला. म्हाताऱ्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवत. गाळ्यात नारळ इतके साठले की महिनाभर आमटीत पाण्याऐवजी नारळाचा रस होता. पण सभा संपली की सगळे आपापल्या घरी जात आणि तातू हार गळ्यात घालून एकटा लालबागला चालत येई. हार काढून कुठे टाकायचा हे त्याला समजत नसे. देवाचा असता तर समुद्रात सोडला असता. रस्ता नेमका वखारीवरून. अड्ड्यावरचे ओरडत, “काय तातू, लगीन जमला काय?” एकदा दादरच्या मोठ्या सभेनंतर तो असाच आला, वखारीपाशी थांबला आणि आत गेला.

हार घालूनच बसला, असं अड्डेवाल्याने मला मागाहून सांगितलं. “कुणाशी बोलला नाय. गुलाब होते चांगले.”

दुसऱ्या दिवशी तातू मला म्हणाला, “चांगली माणसां ती. पण तेंच्यात बसलंय की माझा माकाच वाटता, मी आसंय हयसर येकटो.” मग आम्ही एका डॉक्टरकडे गेलो. त्याने तपासून आपुलकीने सांगितलं की इतक्या वर्षांची सवय आहे, सरकारी परवाना मिळू शकेल, कायदेशीर पिता येईल. तातूने बाहेर येऊन चक्क हसून घेतलं. “सोडूक जागा गावणा नाय, आणि पिवक सरकार चिठी देता!” त्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिला तो एवढाच.

तो विचारतच राहिला. पानवाल्याला, न्हाव्याला, खानावळीत, मिलच्या दारात. ते सगळं त्याच्या समजुतीप्रमाणे कानात. गिरणगावातली तेव्हाची हवाही अशी की दोन माणसं कुजबुजली तर तिसरा समजे, संयुक्त महाराष्ट्राचा निरोप आहे. तो लगेच पुढच्याला सांगे. कित्येकांनी तातूचा प्रश्न चळवळीचं काम समजून पोहोचवला असेल. आणि एक दिवस तातू धावत आला.

“दामू, गावले! रे रोडाक. लाकडांच्या वखारीत. दारू सोडलेली माणसां बसतत. मोठो मेळो आसा म्हणतत!”

“कोण म्हणतात?”

“सगळेच.”

घोडपदेवावरून चालत आम्ही रे रोडला गेलो. तातूने इस्त्रीचा सदरा घातला होता. वखारीत रांगेने ओंडके पडलेले, सागवानाचा वास, दूर गोदीतल्या यारींची, म्हणजे माल उचलणाऱ्या क्रेनांची, डोकी. मेळा काही दिसेना. एका लांबलचक ओंडक्यावर एक किडकिडीत माणूस बसला होता. कामाचे कपडे, अंगावर भुसा. आम्हांला बघून तो ताडकन उठला. त्याचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, हा आपल्याला ओळखतो.

“आलात?” तो म्हणाला. “लालबागवाले ना? बाकीचे?”

“बाकीचे खंय?” तातू म्हणाला. “आमी तुमच्याकडे इलो. हयसर बैठक आसा ना?”

“बैठक लालबागला हाय! आमच्या वरळीत बोलत होते. लालबागला दारू सोडलेल्यांची बैठक हाय, कोण घाडी म्हणून हाय, तो चालवतो. मी यायचाच होतो. म्हटलं, ओळख नाय, कसं जायचं. म्हणून काम सुटल्यावर इथंच बसतो.”

तातूचाच प्रश्न सगळ्या गिरणगावातून फिरून, वाटेत त्याला बैठक फुटून, वरळीला पोहोचला होता. तिथल्या एका माणसाने तो ऐकून एकट्याने बसायला सुरुवात केली होती. आणि त्याच्या एकट्या बसण्याची बातमी मेळा होऊन लालबागला परत आली होती. दोघांनी एकमेकांच्या गर्दीवर भरवसा ठेवला होता.

“मी घाडी,” तातू शेवटी म्हणाला. “आमी येकटेच आसंव.”

“मी जाधव. भागुराम.” आणि अंगावरचा भुसा झटकून तो म्हणाला, “मी पण.”

भागुराम वरळीच्या बीडीडी चाळीतला. त्याच वखारीत लाकूड कापायचा. त्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. “पाच शीलं घेतली,” तो म्हणायचा. “चार नीट सांभाळतो. पाचवं दारूचं. ते संध्याकाळी हातातनं सुटतं. घरी सांगवत नाय. अख्खी चाळ सुधारली आणि मी एक.”

तातू त्याला पहिल्यांदा आपल्या गाळ्यात घेऊन आला. उत्साहाने जिन्यावरूनच त्याने चाळीला वर्दी दिली. गाळ्यातल्या जाणत्याने भागुरामचं नाव विचारलं, गाव विचारलं, वाडी विचारली, आणि मग पाण्याचा माठ पायाने मागे सरकवला. कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं. भागुराम उठला.

“चल घाडी,” तो म्हणाला, “तुझ्या भिंतीला कान आहेत आणि माठाला नाक.”

तेव्हापासून बैठक रे रोडच्या वखारीत. तातूने त्या रात्री गाळ्यातल्या माठातलं पाणी घेतलं नाही, पुढेही कधी घेतलं नाही. माझ्याकडे येऊन पीत असे.

आता बैठक म्हणजे करायचं काय, हा प्रश्न आला. दोघं ओंडक्यावर बसत आणि समोर बघत. मी अधूनमधून जाई. सांगतो, ते दोघं असे बसलेले असत की वखारवाला त्यांनाही मालात धरेल की काय अशी भीती वाटे. चार माणसांत मनातलं बोलायची तातूला एकच रीत ठाऊक होती. एके दिवशी तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि सुरू झाला, “बा देवा म्हाराजा...”

“थांब,” भागुराम म्हणाला. “देव नको. आम्ही सोडला.”

तातूची जीभ वरच्या वर राहिली. “अरे पण मगे गाऱ्हाणा घालू कोणाक?”

“मला घाल की. मी आहे ना इथं.”

मी त्या दिवशी तिथे होतो. पिढ्यान्पिढ्या ज्या घराण्याने देवाखाली कुणाशी बोलणं केलं नाही, त्या घराण्यातला माणूस एका लाकूड कापणाऱ्यासमोर हात जोडून उभा होता. मग तो म्हणाला, आणि हे मात्र खरंच हळू म्हणाला, “बा भागुरामा म्हाराजा. आज सांजचो मी कोळशाच्या वखारीवरसून इलंय. पाय थंय वळत होते.”

“आता मी काय म्हणायचं?” भागुरामने मला विचारलं. मी सांगितलं. “महाराजा म्हणायचं? म्हणतो. आम्हांला कोणी म्हटलंय आजवर!” आणि खणखणीत म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

अशी ती रीत पडली. एकाने उठायचं, दुसऱ्याला नाव घेऊन म्हाराजा म्हणायचं आणि दिवस सांगायचा. बसलेल्यांनी व्हय म्हणायचं. उपदेश नाही, हार नाही, यकृत नाही. हळूहळू माणसं आली. गोदीत यारी चालवणारा बाबी परब आला, शीव कोळीवाड्याचा एक कोळी आला, आणखी दोघे आले. तातूचं वजन वाढलं. गाळ्यात तो पुन्हा लोकांवर खेकसायला लागला आणि चाळीला बरं वाटलं.

पुढे शिमगा आला. ज्याला गावी जायला रजा मिळत नाही त्या कोकणी माणसाला शिमग्याच्या दिवसांत बघू नये. बाबी परबाला रजा नव्हती. तो उठला, हात जोडले आणि त्याने असं गाऱ्हाणं घातलं की तातूनेही कान टवकारले. गावच्या वेशीपासून सुरुवात केली. होळीचा माड कसा तोडतात, पालखी कशी नाचते, ढोल कसा वाजतो, आई दारात कशी उभी राहते. दर वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ लय अशी धरली की ओंडका डोलायला लागला. आणि त्याच लयीत, आवाज न बदलता बाबी म्हणाला, “तर म्हाराजांनू, शिमग्यापुरती, येक दिवस, येक नवटाक घेवक तुमी सगळे मिळान राजी आसात...”

“व्हय म्हाराजा!”

म्हणून झालं आणि मग ऐकू आलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबी तर घाबरलाच. इतक्या सहज मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. कोळी म्हणाला, “चुकून म्हटलं, सोडा.” पण तातू घाडी होता. गाऱ्हाण्याला गावाने व्हय म्हटलं की ते मागे घेता येत नाही. देवळाच्या इतिहासात कोणी घेतलेलं नाही. तातू पांढराफटक पडून म्हणाला, “शब्द गेलो.” आणि गावाने शब्द दिल्यावर एकट्या बाबीला पाठवायचं कसं? झालं. अख्खी बैठक उठून रीतसर रांगेने प्यायला गेली. जगात दुसरीकडे कुठे माणसं नाइलाजाने, तोंड पाडून, केवळ शब्द राखण्यासाठी अड्ड्यावर गेली असतील तर मला दाखवा.

एक दिवसाचे तीन झाले. चौथ्या संध्याकाळी मी गेलो तर सगळे ओंडक्यावर, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. कोणाची मान वर नाही. भागुरामने सदऱ्याची बाही तोंडावर धरली होती. तो म्हणाला, “आमच्यात एक पण नव्हता नको म्हणणारा.”

“गाऱ्हाण्यात नको म्हणनत नाय,” तातू म्हणाला.

“मग आता म्हणायचं.”

त्याने बाबीला उभं केलं आणि तेच गाऱ्हाणं परत घालायला लावलं. बाबी रडत होता, तरी त्याने घातलं. वेस, माड, पालखी, आई, नवटाक. तो थांबला. गोदीतली एक यारी करकरत फिरली. मग भागुराम म्हणाला, “नाय म्हाराजा.” मग कोळी म्हणाला. मग एकेक करून सगळे. तातू शेवटी. कोकणातल्या सगळ्या देवळांत मिळून तो शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. तातूच्या घशातून तो निघताना मी पाहिला आहे. दाढ काढताना माणसाचं तोंड होतं तसं झालं होतं. त्या दिवसापासून वखारीत नियम झाला, सांगणाऱ्याचं पुरं झाल्यावर थांबायचं, आणि मग व्हय किंवा नाय.

पुढे एका हरताळाच्या दिवशी मिली बंद, ट्रामा बंद, आणि घोडपदेवच्या नाक्यावर पोलिसांनी रस्ता अडवलेला. तातू दोनदा जाऊन परत आला. दुपारभर गाळ्यात येरझारा घालत होता. खाली अड्डा मात्र उघडा होता. दिवेलागणीला तो गॅलरीत गेला, कठडा धरला, रे रोडच्या दिशेला तोंड केलं आणि पूर्ण गळ्याने गाऱ्हाणं घातलं. “बा म्हाराजांनू, आजचो दिवस कठीण आसा...”

चाळीला वाटलं, तातूनू महाराष्ट्रासाठी गाऱ्हाणं घालतायत. पहिल्या वाक्याला आमचा मजला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणाला, दुसऱ्याला सगळी चाळ, तिसऱ्याला समोरची चाळ. “आमका आमच्या माणसांपासून तोडल्यानी, म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “आजची सांज निभावूक बळ दी, म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” टोप्या उडाल्या, घोषणा झाल्या, बायकांनी थाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी लालबागचं निम्मं तोंड तातूच्या मागे होतं.

तो आत आला आणि ट्रंकेवर बसला. मी म्हणालो, “तातूनू, काय साद दिली लोकांनी!”

“व्हय,” तो म्हणाला. “पण तेंच्यात आमचो कोण नव्हतो.”

त्या दिवशी तो खाली उतरला नाही. मी रात्री जेवताना भिंतीला कान लावून होतो. पलीकडे तो नुसता खोकत होता.

मग बैठक विरत गेली. कोणी मोडली नाही. बाबीची आई गावी म्हातारी झाली, तो गेला. कोळ्याचं लग्न झालं. त्याची बायको अशी होती की त्याला दुसऱ्या कोणाच्या व्हय-नायची गरज उरली नाही. एकजण भिवंडीला कामाला लागला. जे सुधारले ते येईनासे झाले, आणि यात त्यांचं काय चुकलं? बरा झालेला माणूस इस्पितळात कशाला बसेल? राहिले पुन्हा तातू आणि भागुराम. आणि एका पावसाळ्यानंतर भागुरामही येईना. तातू वरळीला गेला. चाळीत सांगितलं, त्याने वखारीतलं काम कधीच सोडलं, आता घरी धड नसतो. तातूने त्याच्या बायकोला सांगितलं, “तेका सांगा, घाडी वाट बघता. पिल्लेलो असलो तरी येवंदे.” ती म्हणाली, “सांगते. पण तुमच्याकडंच यायची त्याला लाज वाटते. दुसऱ्या कोणाची वाटत नाय.”

तरी तातू रोज जात राहिला. गाळा म्हणे, आता काय आहे तिथे? तातू सांगे, “कोण नवो इलो आणि थंय कोण नसलो तर?”

राज्य मिळालं त्या संध्याकाळी गिरणगावात जो उजेड झाला तो मी वाढवून सांगू शकत नाही. माझ्या आयुष्यात वाढवायला जागा न ठेवणारी तेवढी एकच गोष्ट घडली. गुलाल, ढोल, घराघरावर दिवे, आणि दारूबंदी असून कोणाचा पाय सरळ पडत नाही. आमच्या कचेरीतली मंडळी एका ट्रकवर चढून रोषणाई बघायला निघाली. मी म्हणालो, वाटेत रे रोडला थांबवा, आमचे एक वडीलधारे आहेत, त्यांना घेऊ.

तातू होता. मी फाटकातून हाक मारली, जवळ गेलो, गुलाल लावला. “चला तातूनू, सगळी मुंबई बाहेर पडलीय. आज तरी उठा.”

“आजच बसूक होया,” तो म्हणाला. “आज सगळे पितले. कोणाक तरी नको वाटात. तू जा. माझ्या वाटचा बघून ये.”

ट्रकवाले भोंगा वाजवायला लागले. मी निघालो. त्यानंतर महिन्याभरात माझं लग्न ठरलं, मी दादरला बिऱ्हाड केलं, आणि तातू गावी गेल्याचं पत्राने कळलं. म्हणजे मी त्याला शेवटचा पाहिला तो त्याच संध्याकाळी.

ट्रकच्या फळीला धरून मी मागे वळून बघत होतो. फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राहिला होता. भागुराम होता की आणखी कोण, त्या उजेडात तोंड दिसलं नाही. आत येईना आणि जाईही ना. तातूने त्याला पाहिलं. पण हाक मारली नाही, हातही केला नाही. दहा माणसं पाय पसरून बसतील असा तो ओंडका, त्यावर तो एकटा बसलेला. तो उठला, थोडा बाजूला सरकून बसला, आणि शेजारची जागा त्याने हाताने झाडली.